तिखट नको

नॉर्वेहून नऊ जण आलेत, तीन आठवड्यांसाठी.
पाळकसाहेबांनी फ्रीजवर कागद चिकटवलाय:
पाणी उकळून. फळं सोलून. तिखट नको.
शेवटच्याखाली लाल पेनाने दोन रेघा.

त्यांच्या म्होरक्याचं नाव माझ्या जिभेवर ठरत नाही.
मी थोरभाऊ म्हणते, तो ओ देतो.
स्वयंपाकघरात येताना रोज कपाळ आपटतो
आणि चौकटीचीच माफी मागतो.

पहाटे गच्चीवर गिटार.
घोरपडीचं फाटक पडलेलं, पलीकडे हॉर्नवर हॉर्न,
तरी डोळे मिटून बसतात नऊच्या नऊ,
पायांत मोजे, मोज्यांवर चपला.
आठला टेम्पो निघतो मुंढव्याच्या वस्तीकडे,
फुगे, रंगीत खडू, पाण्याचे दोन जार.
दुपारी परततात टोमॅटोसारखे लाल होऊन,
गालांवर पोरांनी काढलेल्या मिशा.
आपापली ताटं स्वतः घासतात.
ते झोपले की मी ती पुन्हा घासते.
दोरीवरचे मोजे काढताना मोजते: सतरा.

सिग्रिद सगळ्यांत लहान.
चौथ्या दिवशी पोट बिघडलं तिचं,
म्हणून माझ्यापाशी राहिली,
ओट्याजवळ स्टुलावर, पेज पीत.
मोबाइलमधून तिने विचारलं, मोबाइलच्या मराठीत:
आपण येशूविषयी प्रथम कधी ऐकले?

मी तांदूळ निवडत होते.
खडा सापडेपर्यंत बोलले नाही.

माझ्या आजोबांचे वडील, दाजीबा, नेवाशाकडचे.
मोठ्या दुष्काळात प्रवरेत
बुडी घ्यायलाही पाणी नव्हतं.
तांब्याभर पाण्यात झाला बाप्तिस्मा,
आणि तांब्यात उरलं ते, म्हणतात, ते प्यायले.

मोबाइलने तिला काय सांगितलं कोण जाणे.
ती म्हणाली, का?
तिला येणाऱ्या चार मराठी शब्दांतला एक.

का.
भावकीने तेव्हाच सांगून टाकलं होतं:
भाकरीसाठी बाटला.
शाळेत मलाही सांगायच्या पोरी, डबा लांब धरून.
पन्नास वर्षं मी उत्तर जुळवत आले,
कधी चिडून, कधी गुडघ्यांवर,
आणि त्या दुपारी पेज ढवळताना सहज तोंडून गेलं:
असेल. भाकरीसाठीच असेल.
रोज हात जोडून आपण दुसरं काय मागतो?

हे मोबाइलसमोर नाही बोलले.
ते तिच्यासाठी नव्हतं.

बरी झाली तशी म्हणाली, भाकरी शिकवा.
हाताखाली पीठ फिरेना,
लांबट, कडा फाटलेलं काहीतरी झालं परातीत.
ती हसली. नॉर्वे, म्हणाली,
आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून तिचं गाव दाखवलं.
तव्यावर टाकताना नेमकं तेच तुटलं.

रविवारी चर्चमध्ये तिने साक्ष दिली.
पाच मिनिटं बोलली,
पाळकसाहेबांच्या मराठीत दीड मिनिट झालं.
मधे माझं नाव ऐकू आलं, तबीथा,
शेवटचं अक्षर खाऊन टाकलेलं.
मराठीत ते आलंच नाही.
नंतर विचारलं तर म्हणाले,
तुमच्या जेवणाचं कौतुक करत होती.
एवढंच?
एवढंच. साधारण.

मंगळवारी पहाटे तीनला गाड्या आल्या.
थोरभाऊ निघताना वाकला, आठवणीने,
आणि चौकट हुकली.

उजाडल्यावर ओट्यावर पाहिलं तर
ताटाखाली झाकलेली एक भाकरी.
जाड. एका बाजूला करपलेली.
रात्री कधी उठली, कधी थापली,
मला चाहूल नाही.
ठेचा काढला, खाली बसले.
मधे कच्ची होती. संपवली.

मार्चमध्ये कोरियाचे येणार आहेत.
त्यांना तिखट चालतं म्हणे.
कागद तसाच राहू दिला,
फक्त शेवटच्या ओळीवर काट मारली,
पेन्सिलीने.